पिवळा शेवटी

आमच्या घरात समुद्र आला तो गोणीतून. नवऱ्याने दिल्लीहून पांढरं, बारीक मीठ आणलं, खांद्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं आणि हॉलमध्ये धपकन टाकलं. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणतो, "समुद्र." मी म्हटलं, "हा समुद्र आधी माझ्या पायपुसण्यावरून उचल, मग पुढचं बोल."

त्याला वेड लागलं नव्हतं. कारण होतं, आणि ते कारण आतल्या खोलीत भिंग घेऊन पेपर वाचत बसलं होतं.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो, तेव्हा ऐंशीला टेकले होते आणि त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचं हे फार नवल नाही. इथून कुठल्याही दिशेने निघालात तरी समुद्र लागेपर्यंत गाडीत दोनदा झोप होते. निवृत्त झाल्यावर कोकणात जायचं असं बाबांनी आणि सासूबाईंनी ठरवलं होतं. मग सासूबाईंचे गुडघे गेले, मग सासूबाईच गेल्या, मग बाबांचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला बिलकुल मनाई केली. आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, डोळे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. इंजेक्शनं दिली, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "कडेची नजर राहील, मधली जाणार. काही महिने आहेत, जे बघायचंय ते बघून घेऊ द्या त्यांना."

बाहेर आल्यावर बाबांनी रिक्षात एवढंच म्हटलं, "समुद्र तेवढा राहिला." तक्रार नव्हती त्यात. दूध आणायचं राहिलं असं आपण म्हणतो ना, तसं. माझा नवरा त्या दिवशी जेवला नाही, आणि पुढच्याच रविवारी दिल्लीला जाऊन मीठ घेऊन आला.

तर अशी आली ती समुद्री माशांची काचेची टाकी. हॉलची एक अख्खी भिंत तिने खाल्ली. फिल्टरचं पाणी, त्यात मोजून मीठ, तळाशी वाळू, आणि मग दिल्लीच्या दुकानदाराने ओल्या कागदात गुंडाळून दिलेले खडक. त्याला ते लोक जिवंत खडक म्हणतात. मी मनात म्हटलं, दगड कुठे जिवंत असतो, बनवलं आमच्या माणसाला! दुकानदाराने बजावलं होतं की पाणी पिकेपर्यंत मासा टाकायचा नाही, आणि पाणी कधी पिकलं ते तपासणीवरून ठरवायचं. माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, सराफ्याच्या मागच्या गल्लीत. जन्मभर लोकांचं रक्त-लघवी तपासलं, आता मी समुद्राचा रिपोर्ट काढायला लागले. रोज अमोनिया बघायचा, तो शून्यावर आला की पाणी पिकलं. रोज वाईट.

पण त्या रिकाम्या पाण्यात काय काय झालं म्हणून सांगू! आठवडाभर नुसते दगड. मग एके सकाळी बाबांनी हाक मारली, "सूनबाई, इकडे ये. दगडाला मिशा फुटल्यात." मी पोळी तव्यावर टाकून धावले. खरंच, खडकाच्या एका भोकातून मोरपिसासारखा इवलासा पंखा बाहेर आला होता. बाबांनी बोट काचेजवळ नेलं तसा सुर्रकन आत. पोळी करपली. त्यानंतर रोज काहीतरी निघायचं. नखाएवढी तारामासळी. काचेवरून चालणारी मोहरीएवढी गोगलगाय. जांभळा डाग, जो हळूहळू पसरत होता. एक किडा, लांबलचक, दोऱ्यासारखा, जो मला अजूनही आवडत नाही. हे सगळं त्या दगडात झोपून होतं, दिल्ली-ग्वाल्हेर रेल्वेचा प्रवास करून, सीटखाली! मला देवाधर्माचं फार नाही, पण त्या दिवसांत टाकीसमोरून जाताना मी चप्पल काढायचे. का ते विचारू नका. आपोआप व्हायचं.

बाबा भिंग लावून तासन्‌तास बसत. पेपर बंद झाला होता, अक्षरं मधोमध पुसली जायची. पण भिंगातून खडक दिसायचा.

मग मासे निवडायची वेळ आली. दुकानदाराने फोनवर फोटो पाठवले. नवऱ्याने ते टीव्हीवर मोठे करून दाखवले, आणि एका फोटोवर बाबा म्हणाले, "थांब."

पिवळा. पण पिवळा म्हणजे काय! हळद नाही, लिंबू नाही, केशर नाही. ताटलीसारखा चपटा, अंगभर एकच रंग, कुठे ठिपका नाही की रेघ नाही. यलो टँग म्हणतात त्याला. बाबा टीव्हीपाशी जाऊन अगदी नाक लावून उभे राहिले.

"हा," ते म्हणाले. "आधी हा."

झालं. इथून पुढे आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी वाद म्हणत नाही, दरबार म्हणते. बाबांच्या आजोबांचं दरबारातलं कामच ते होतं. कुणी कुठे बसायचं, कुणी आधी यायचं, कुणाला उठून मुजरा, कुणाला बसल्या जागी. संस्थान गेलं, दरबार गेला, पण ती खोड रक्तातून गेली नाही. गोरखीकडे, जुन्या राजवाड्याच्या भागात, कुणाचं लग्न असू दे, पंगतीत पहिलं पान कुणाचं हे विचारायला लोक अजून बाबांकडे येतात. मी लग्न होऊन आले तेव्हा चहाचे कप कुठल्या क्रमाने द्यायचे यावरून माझी पहिली शिकवणी झाली होती, आणि मी दुसऱ्याच दिवशी मुद्दाम उलट दिले होते. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

बाबांनी फोटोंची बाकायदा प्रतवारी लावली. पिवळा मानकरी, म्हणून पहिला. मग नारिंगी क्लाउनफिशचं जोडपं, कारण कुटुंबवत्सल. मग किरकोळ मंडळी.

दुकानदाराला फोन लावला तर तो फोनमध्येच ओरडला. "नहीं नहीं बाबूजी! पहले जो घुसेगा, वो मालिक बन जाएगा!" त्याचं म्हणणं असं, की माशाला टाकी म्हणजे जागा. जो आधी येतो तो सगळी जागा आपली समजतो. दांडगा आधी टाकलात तर नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तो हाणेल, आणि हा पिवळा भलताच दांडगा. शिवाय तो खडकावरचं शेवाळ चरत फिरतो, आणि तेवढं शेवाळ जमायला टाकी जुनी व्हावी लागते. म्हणून आधी भित्रे, मग बेताचे, दांडगे सगळ्यांत शेवटी. आणि दोघांच्या मध्ये काही आठवडे, पाण्याला सवय व्हायला.

बाबांचा चेहरा पडला. "एक दुकानदार मला क्रम शिकवणार?" ते मला 'आपण' म्हणायला लागले, म्हणजे प्रकरण गंभीर. "सूनबाई, आपण शास्त्र शिकलात. आपल्याला हे पटतं?"

मी म्हटलं, "बाबा, मला एक सांगा, दरबारात महाराज आधी यायचे की शेवटी?"

ते मिशीतल्या मिशीत हसले. "सगळे येऊन बसले की मग. शेवटी."

"मग?"

"मग काय, येऊ दे तुझ्या पिवळ्या महाराजांना शेवटी," ते म्हणाले, जणू मीच हट्ट धरून बसले होते.

मी हसले खरी, पण मनात हिशेब चालू होता. भित्रे, मग काही आठवडे, मग बेताचे, मग पुन्हा काही आठवडे. आणि तिकडे डोळे. हिशेब जमत होता, पण अगदी काठावर. एकही चूक परवडणार नव्हती.

आणि चूक आम्ही केलीच. ती अशी चूक आहे की आमच्यासारखेच लोक करू जाणेत.

पहिला यायचा होता फायरफिश. बोटाएवढा, अर्धा पांढरा, अर्धा विस्तवासारखा लाल, पाठीवर एक लांब केस. स्वभावाने इतका भित्रा की सावली पडली तरी भोकात. बाबांनी त्याचं नाव लाजरा ठेवलं. सगळं ठरलं, आणि नवरा स्टेशनला निघाला तेव्हा बाबा दारात म्हणाले, "एकटाच आणणार?"

"हो, दुकानदार म्हणाला ना."

"अरे, नव्या घरात एकट्या जीवाला पाठवतात का? सोबत पाठराखीण नको?"

आता हसू नका. मी माहेरून आले तेव्हा माझी मावसबहीण पाठराखीण म्हणून आली होती, चार दिवस राहिली, आणि ती नसती तर मी पहिल्याच रात्री रडून घर डोक्यावर घेतलं असतं. त्यामुळे शास्त्र शिकलेल्या मलाही ते एकदम पटलं. मीच म्हटलं, "हो रे, काहीतरी धीट, हसतंखेळतं बघ. लाजऱ्याला बरं वाटेल." नवऱ्याने दुकानात काही विचारलं नाही. काउंटरवर सगळ्यांत चुणचुणीत दिसला तो निळा मासा उचलला, लाजऱ्याच्या शेजारच्या पिशवीत घातला आणि घेऊन आला. डॅमसेल त्याचं नाव. बोटभर, पण निळा असा की डोळे दिपावेत.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी पाठराखिणीने घर बघितलं. तिसऱ्या दिवशी ती मालकीण झाली.

बापरे, काय तो राग! एवढासा जीव, पण एका टोकाला लाजऱ्याने नाक बाहेर काढलं की दुसऱ्या टोकावरून बाणासारखा यायचा. लाजरा पंपामागे जाऊन बसला. खायला येईना. खडकातला तो पंखा बाहेर यायचा बंद झाला. मी काचेवर टिचक्या मारल्या, शिव्या घातल्या, दोन्ही भाषांत. आणि एका सकाळी लाजरा टाकीत नव्हता. तो सोफ्याखाली सापडला, वाळलेला. झाकणाच्या फटीतून उडी मारून गेला होता. मला एवढं रडू येईल असं वाटलं नव्हतं.

बाबांना सांगितलं तर ते उठून टाकीचं झाकण चाचपून आले. मग म्हणाले, "आपणच पाठवली ना पाठराखीण."

दुकानदार म्हणाला, निळा काढल्याशिवाय पुढे काही टाकू नका. पण खडकांच्या टाकीतून तो मासा पकडून दाखवा तुम्ही! नवऱ्याने जाळी घालून बघितली, खडक हलवले, एक खडक कोसळला, वाळू उसळली, पाणी दुधासारखं झालं आणि माझा रिपोर्ट पुन्हा पहिल्या दिवसावर गेला. अमोनिया. पुन्हा थांबा. शेवटी प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत खाऊ ठेवला आणि टाकीत सोडली. खाऊ म्हणजे गोठवलेली कोळंबी, आमच्या शाकाहारी फ्रिजरमध्ये मटारच्या शेजारी. समोरच्या काकूंनी एकदा बर्फ घ्यायला फ्रिजर उघडला आणि महिनाभर आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. बाटलीत आधी खडकातूनच निघालेला एक शंखातला खेकडा गेला. मग पुन्हा तोच खेकडा. निळा बाहेरून बघत राहायचा. त्याला बाटलीत यायला किती दिवस लागले ते मी सांगत नाही, कारण मला अजून राग येतो.

निळा दिल्लीला परत गेला. आणि तोवर बाबांचा पेपरच नाही, चेहरेही जायला लागले होते.

ते मला असं कळलं. मी चहा दिला तर कपाकडे न बघता म्हणाले, "तू आज टिकली लावली नाहीस का?" मी लावली होती. चांगली मोठी. मी म्हटलं, "लावलीय ना बाबा." ते म्हणाले, "असेल. मला हल्ली सगळ्यांचे केस आणि खांदे दिसतात, मधे काही नसतं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नवऱ्याला फोन केला. म्हटलं, क्रम गेला खड्ड्यात. टाकी रिकामी आहे, पिवळा आण, उद्याच्या उद्या आण. तो दांडगा असू दे, मालक होऊ दे, बाकीचे मासे नाही आले तरी चालतील. आम्ही काय प्रदर्शन मांडणार आहोत? ज्याच्यासाठी समुद्र आणला त्याला एक मासा दिसू दे, बस्स. नवरा म्हणाला, "हो, मीही तेच म्हणत होतो." आमचं लग्नानंतर इतक्या चटकन कशावर एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

बाबांना ऐकू गेलं होतं. माझा आवाज नया बाजारापासून बाड्यापर्यंत जातो.

"नाही आणायचा," ते म्हणाले.

"बाबा, आता हट्ट नको. महाराज शेवटी येतात वगैरे मी गमतीने म्हटलं होतं."

"महाराजांचं सोड. बस इथे."

मग त्यांनी भोपाळची गोष्ट सांगितली. ती मी शंभरदा ऐकली होती. मध्य भारत राज्य मोडून मध्य प्रदेश झाला तेव्हा बाबा नुकते नोकरीला लागले होते. ग्वाल्हेरची कचेरी उचलून भोपाळला नेली. एका खोलीत चार ठिकाणचे कारकून: नागपूरकडचे, रीवाकडचे, तिथलेच भोपाळचे, आणि आपले. दरवेळी ही गोष्ट विनोदी असायची. नागपूरचे कसे बोलायचे, रीवाचे कसे जेवायचे, बाबांनी साहेबाला कसं गुंडाळलं. त्या दिवशी त्यांनी ती सरळ सांगितली. त्यांची आई आजारी होती म्हणून ते सगळ्यांच्या मागाहून पोचले. आधी आलेल्यांनी खिडक्या धरल्या होत्या, कपाटं धरली होती, साहेबाच्या जवळची टेबलं धरली होती. बाबांचं टेबल दाराबाहेर व्हरांड्यात लागलं. उन्हात ऊन, पावसात पाऊस. आत जागा झाली तरी कुणी बोलावलं नाही. पाणी प्यायला आत गेलं की सगळे बोलायचे थांबायचे.

"ते वाईट नव्हते गं," बाबा म्हणाले. "आधी आले होते, एवढंच. मी आधी गेलो असतो तर मीही खिडकीच धरली असती. पण दोन वर्षं मी जेवणाचा डबा जिन्याखाली जाऊन खाल्लाय. तो लाजरा पंपामागे बसला होता ना, मी बघितलं भिंगातून. मला सगळं आठवलं."

मी वळून पंपाकडे बघितलं.

"सगळी राज्यं एकत्र करताना एवढा विचार झाला," ते म्हणाले. "नकाशे झाले, पगार झाले, ज्येष्ठता ठरली. पण भित्र्यांना आधी आत घ्यावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि इथे दिल्लीचा दुकानदार सांगतोय!" त्यांच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं, लहान मुलाला वाटतं तसं. "आपल्या घरात तरी बरोबर करू. पिवळा शेवटी."

"आणि तोवर तुम्हाला दिसलं नाही तर?"

"तर तू सांग मला कसा आहे. खोटं सांगू नकोस फक्त."

मला राग आला. त्यांचा, निळ्याचा, भोपाळचा, डोळ्यांच्या डॉक्टरांचा, सगळ्यांचा. पण क्रम ठरवण्याचा मान बाबांचा होता, आणि त्यांनी ठरवला होता.

मग पुन्हा लाजरा आला, नवा, एकटा, पाठराखिणीशिवाय. पहिले दिवस भोकात. मग नाक. मग अर्धा. मग एका दुपारी पाण्याच्या मधोमध, पाठीवरचा केस उभा करून, ऐटीत. काही आठवड्यांनी गोबी नावाचा एक छोटा मासा आला, आणि त्याच्याबरोबर एक कोळंबी, कारण ते दोघे जोडीनेच राहतात. ही सोबत मात्र दुकानदाराने स्वतः दिली होती. आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती वाळूत बीळ खणते, बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येते, आणि येताना तिची एक मिशी कायम माशाच्या अंगाला लागलेली. मासा दारात उभा राहून पहारा करतो. धोका दिसला की शेपटी थरथरवतो, आणि ती आत पळते. हे त्यांना कुणी शिकवलं? मी लॅबला उशिरा जायला लागले. हातातला चहा गार व्हायचा आणि मी तोंड उघडं टाकून उभी. बाबांना मी बघून बघून सांगायचे: आता बाहेर आली, आता खडा आणला, मिशी लावूनच आहे. बाबा म्हणाले, "चांगली सोय आहे तिची. तिच्या माशाची शेपटी थरथरते, माझ्या माशाचा आवाज, एवढंच." मी म्हटलं, "चावट कुठले!" आणि तोंड फिरवलं.

मग क्लाउनफिशचं जोडपं आलं. मग उन्हाळा. ग्वाल्हेरचा उन्हाळा मी माहीत नसणाऱ्याला सांगत नाही आणि माहीत असणाऱ्याला सांगायची गरज नाही. वीज गेली की पाणी गार ठेवणारं मशीन बंद, आणि आम्ही बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगवत बसायचो. आम्ही घामाने निथळत, आणि मासे बर्फात. एकही गेला नाही. पण त्या उन्हाळ्यात बाबांची मधली नजर पूर्ण गेली. ते भिंतीला हात लावून चालायला लागले, आणि भिंग कपाटात ठेवून दिलं. पिवळ्याबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी मात्र रोज अमोनिया बघत होते.

पाऊस संपता संपता टाकी जुनी झाली, खडकांवर शेवाळ धरलं, आणि दुकानदार म्हणाला, "अब ले जाओ महाराज को."

पिवळा आला त्या दिवशी नवऱ्याने पिशवी पाण्यात तरंगवली, थेंब थेंब पाणी बदललं, दिवे बंद केले आणि सोडला. तो थेट खडकामागे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना हाताला धरून टाकीसमोर खुर्चीत बसवलं. त्यांनी कोट घातला होता. घरात. मी कॉलर तेवढी सरळ केली.

आणि तो निघाला. खडकाच्या मागून, आरामात, अंगभर पिवळा. मी फोटो पाहिला होता, पण फोटोत तो हलत नव्हता ना! प्रत्येक वळणावर तो पिवळा नवा व्हायचा. 

"आला," मी म्हटलं. "बाबा, समोरच आहे, अगदी समोर."

बाबा समोर बघत होते. सरळ, मान ताठ, डोळे मोठे करून. त्यांनी मान पुढे केली. मग मागे. मग पाठ खुर्चीला टेकवली.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं. "बाकीचे बाहेर आहेत का?"

मी बघितलं. लाजरा मधोमध होता, केस उभा करून. जोडपं आपल्या कोपऱ्यात डुलत होतं. कोळंबी वाळू ढकलत होती, मिशी लावून. खडकातला पंखा उघडा होता. पिवळा सगळ्यांच्या मधून गेला, आणि कुणी लपलं नाही.

"सगळे बाहेर आहेत, बाबा."

"कुणी पंपामागे नाही ना?"

"कुणी नाही."

"मग झालं," ते म्हणाले. पण कोटाची बटणं सोडायला लागले, मी पाहिलं. आणि माझा बांध फुटला. मी म्हटलं, "काय झालं? काय झालं हो? तुमच्यासाठी आणला होता! तेव्हाच आणला असता तर दिसला असता तुम्हाला. सगळ्यांची सोय झाली, तुमची सोडून!" मी खुर्चीच्या बाजूला उभी राहून अक्षरशः ओरडत होते, आणि मला रडू येत होतं.

बाबा मला समजावायला माझ्याकडे वळले. टाकीकडून तोंड फिरवून, पूर्ण माझ्याकडे. "अगं वेडे, ऐक तरी..." म्हणाले, आणि थांबले.

तोंड उघडंच राहिलं.

"हलू नकोस," ते हळूच म्हणाले.

"काय झालं बाबा?"

"मला वळू देऊ नकोस. इथेच उभी राहा." त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं. आणि तिकडे कडेला, नजरेच्या अगदी काठावर, जे अजून शाबूत होतं तिथे, तो चालला होता. बाबांनी हात उचलला आणि माझ्याकडे बघत बघत बरोबर त्याच्यामागे बोट फिरवलं. डावीकडे. खडकावरून. वर. पुन्हा खाली. एकदाही चुकलं नाही.

"पिवळा आहे गं," ते म्हणाले. "केवढा पिवळा आहे!"

त्यानंतर बाबा रोज सकाळी खुर्ची वळवून घेतात आणि टाकीकडे खांदा करून बसतात, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. घरी पाहुणे आले की त्यांना कसंसंच होतं. कुणीतरी हलकेच त्यांच्या दंडाला हात लावून सांगतं, "बाबा, मासे तिकडे आहेत."

"माहीत आहे," बाबा म्हणतात. "म्हणून तर इकडे बघतोय."